धर्माजींनी तपासलेले कागद

धर्माजी मापाऱ्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझ्या गणिताच्या कागदाची सुरळी करून तिच्यावर विडी शिलगावत होते. मी बांधावरून तरातरा गेले आणि ओरडले, “अहो बाबा, तो शाळेचा कागद आहे!” त्यांनी आधी विडी नीट पेटली याची खात्री करून घेतली, मग सुरळी चिखलात दाबून विझवली आणि उरलेला तुकडा माझ्यापुढे धरला.

“घे, बाय. अर्दा हाय अजून.”

रागाने माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी मूळची राजापूरकडची, माझी जीभ सहसा अशी अडत नाही. पण आज या माणसाविषयी लिहायला बसले आहे ती केवळ त्यांच्या उपकारांपोटी, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे मी त्यांना नावं ठेवायला लागले की वाचणाऱ्याचा गैरसमज व्हायचा.

साल १९६९. भाईंदरजवळ, मुर्ध्याच्या पुढे, मिठागरांना लागून साठसत्तर घरांची एक वस्ती होती. तिला सगळे खारवाडी म्हणत. तिथली शाळा चौथीपर्यंत, शिक्षक एकच, म्हणजे मी, सुलोचना तोडणकर. चार वर्ग, एक खोली, एक फळा. भाऊ भाईंदरला एका कारखान्यात होता, त्याच्या खोलीवर मी राहायची आणि रोज तासभर चालत बांधाबांधाने शाळेत यायची.

दिवाळीपर्यंत शाळा भरलेली असायची. पौष सरला, मिठाचा हंगाम सुरू झाला की निम्मी पोरं गायब. आई टोपल्या वाहते, बाप कोंडीतलं, म्हणजे खारं पाणी कोंडलेल्या वाफ्यातलं मीठ ओढतो, पोरं धाकट्या भावंडांना सांभाळतात, पाणी आणतात, जमेल तसा हातभार लावतात. चार महिन्यांनी परत येत तेव्हा वजाबाकीतला हातचा त्यांच्या डोक्यातून पार पुसलेला असे. मी रागवायची, मग रागवून काय होणार म्हणून गप्प बसायची, मग परत रागवायची.

मला एक गोष्ट हवी होती आणि ती मी तिथे रुजू झाल्यापासून मागत होते. पाचवीचा वर्ग. जवळची पाचवी भाईंदरला, म्हणजे तोच तासाभराचा बांध. पावसात तो पाण्याखाली जातो. एखाददुसरा मुलगा कसाबसा जायचा. मुलगी? माझ्या आधीच्या गुरुजींची पटाची पुस्तकं मी चाळली, दहा वर्षांत खारवाडीतली एकही मुलगी चौथीच्या पुढे गेलेली नव्हती. तपासणीला आलेल्या साहेबांना मी दर वेळी तेच विचारायची. शेवटी कंटाळून ते म्हणाले, “बाई, चौथीच्या केंद्र परीक्षेचा निकाल चांगला दाखवा. आणि पाचवीच्या पटावर वीस नावं. एकोणीस चालणार नाहीत. मग बघू.”

त्याच सुमारास शिक्षकांच्या एका शिबिरात मला कागदांचा गठ्ठा मिळाला. वर छापलं होतं, ‘अंकगणिताचे तयार पाठ’. एकेका कागदावर एक धडा, खाली दहा उदाहरणं, उत्तरं लिहायला रिकाम्या चौकटी. मला तर लॉटरी लागल्यासारखं झालं. पोरं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच कागदावरून मिठाच्या आगरावर जाईल! मी गठ्ठा घेऊन आगराआगरांतून हिंडले, पोरांच्या हातात कागद ठेवले आणि आठ दिवसांनी गोळा करायला गेले. तेव्हा विडीचा प्रसंग घडला.

उरलेला अर्धा कागद हातात घेऊन मी तणतणत होते. धर्माजींनी शांतपणे हाक मारली, “शालन, यं गो. वाच काय लिवलंय त्याच्याव.”

शालन ही त्यांची धाकटी मुलगी. वय बारा. चौथी पास होऊन दोन वर्षं टोपल्या वाहत होती. आई वारलेली, थोरल्या भावांची बिऱ्हाडं वेगळी, घरचं रांधणंही तिच्याचकडे. तिने डोक्यावरची टोपली मिठाच्या राशीवर रिती केली, हात फडक्याला पुसले आणि ठणठणीत वाचलं, “एका हौदाला दोन नळ आहेत. एक नळ हौद चार तासांत भरतो, दुसरा सहा तासांत भरतो...”

“आनि?” धर्माजींनी मला विचारलं.

“हौद किती वेळात भरेल ते काढायचं.”

“हौद भरायची घाई कुनाला हाय? आमी इथं चार मयने पानी आटायची वाट बघताव. तुजा हौद भरंल तवा आमचं मीठ इरघलंल.”

टोपल्या वाहणाऱ्या बायका खो खो हसल्या. मी फणकाऱ्याने निघाले. पण तासभराची वाट होती आणि राग काही तासभर टिकत नाही. अर्ध्या वाटेवर मला कबूल करावं लागलं की म्हातारा बोलला त्यात खोट नव्हती. नळ माझ्या पोरांनी भाईंदर स्टेशनावर पाहिला असला तर असला. दुसऱ्या दिवशी वही घेऊन मी त्यांच्यापुढे उभी राहिले.

“मग तुम्ही सांगा गणित.”

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. “सा जनी हायत. येकेक जन तीस टोपल्या टाकती. रास किती टोपल्यांची? लिव.”

ते आमचं पहिलं गणित. त्यानंतर त्या हंगामात आम्ही चाळीस कागद केले. ‘आम्ही’ म्हणते, कारण गणितं निम्मी त्यांची होती. कोंडीची लांबी-रुंदी, भरतीचं पाणी किती वेळ आत घ्यायचं, मीठ नेणाऱ्या होडीत, मचव्यात, किती टोपल्या मावतात आणि चार फेऱ्यांत रास संपेल का. ते बोलत, मी लिहून घेई, सोप्यापासून अवघडापर्यंत लावी, वर एक सोडवून दाखवलेलं उदाहरण घाली.

छापायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. अध्यापन विद्यालयात शिकलेली एक युक्ती मला ठाऊक होती. सरस आणि ग्लिसरीन उकळून परातीत ओतायचं, त्याचा लगदा थिजला की कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेला कागद त्यावर पालथा दाबायचा. जांभळी अक्षरं लगद्यावर उमटतात, मग कोरे कागद दाबत जायचं. पंचवीस प्रती बऱ्या निघतात, पुढच्या फिक्या. भाईंदरच्या औषधवाल्याने तिसऱ्यांदा ग्लिसरीन मागितल्यावर विचारलं, “बेन, इतना ग्लिसरीन लगाती कहाँ हो?” मी म्हटलं, “गणित को.” त्याने पुढे कधी विचारलं नाही. चैत्रात उन्हाने लगदा पातळ व्हायचा आणि अक्षरं फिसकटायची, तेव्हा परात ओल्या गोणपाटावर ठेवून काम उरकावं लागे. माझी बोटं चार महिने जांभळी असत.

आता धर्माजींविषयी नीट सांगते. वय साठीचं, गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला पंचा, पाय खाऱ्या पाण्याने पांढरे पडून भेगाळलेले. सतराव्या वर्षी बापाच्या जागी मापारी झाले. मापारी म्हणजे राशीपाशी उभं राहून टोपल्या मोजणारा. किती वाहिलं हे मजूर त्यांच्या तोंडून मानत, आगराचा मालकही त्यांच्याच तोंडून मानी आणि मचवेवालेही. त्रेचाळीस वर्षांत त्यांचं माप कोणी फिरवून मोजलं नव्हतं. अक्षर येत नव्हतं, आकडे तेवढे ओळखत. मोजताना एकाला एक म्हणत नसत, लाभ म्हणत. “लाभ, दोन, तीन, चार...” असा त्यांचा आवाज सबंध आगरावर ऐकू येई. वीस झाले की “पुरा!” म्हणत, एक खडा बाजूला टाकत, जरा थांबत आणि पुन्हा “लाभ” पासून सुरू. ते थांबणं मी शंभरदा ऐकलं असेल. मला वाटायचं, म्हातारा दम घेतोय.

स्वभाव खवट. स्वतःच्या विनोदाला कधी हसले नाहीत. मला ‘मास्तरीनबाय’ म्हणत, आणि मी उशिरा पोचले तर “आज शाला झोपली व्हती वाटतं” असं ऐकवल्याशिवाय राहत नसत. १९७७ साली ते गेले. त्यांचा एकही फोटो नाही, म्हणून एवढं लिहून ठेवलं.

तर कागद आगरावर जायला लागले. बांधावरच्या खोपटात धर्माजींनी त्यांच्यासाठी एक पत्र्याचा डबा टांगला. दुपारी कामाची सुट्टी झाली की पोरं खोपटाच्या सावलीत बसत, शालन एकेक गणित वाचून दाखवी आणि पोरं लिहीत. ज्यांचं लिहून होई ती कागद धर्माजींपुढे धरत. उत्तर बरोबर असेल तर ते कोळशाने खाली सरळ रेघ मारत, चूक असेल तर कागद परत. पोराला राशीपाशी नेऊन पुन्हा मोजायला लावत. शनिवारी डबा माझ्याकडे येई. खाऱ्या हातांनी धरलेले ते कागद वाळून पापडासारखे कडकडीत झालेले असत.

आणि खरं सांगते, मी ते तपासत नसे. रेघा मोजायची, वहीत नोंद करायची. सत्तर पोरांची शाळा एकटीने ओढणारीला तपासून आलेले कागद मिळाले तर ती काय करणार? आयतं मिळालं की माणूस आंधळा होतो, मीही झाले. पण पोरं तयार होत होती, हे मला समोर दिसत होतं. जी मुलं हातचा विसरत, ती आता तोंडी भागाकार करू लागली होती. १९७० च्या हंगामात तर चौथीची वीस मुलं आगरावर असूनही एकाचाही कागद चुकला नाही.

मी खुशीत होते, त्या भरात एक दिवस बोलून गेले, “धर्माजीबाबा, पाचवी सुरू झाली तर शालनला पाठवा. तिच्यासारखी डोक्याची मुलगी मी पाहिली नाही.”

त्यांनी मोजणं थांबवलं नाही. वीस झाल्यावर “पुरा” म्हणाले आणि मग माझ्याकडे न बघता बोलले, “माज्या राशीत हात घालू नको, मास्तरीनबाय.”

पुढे आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. कागद मात्र तपासून वेळेवर आले. त्या शनिवारी डबा माझ्या हाती देताना शालनने तो जरा जास्त वेळ धरून ठेवला. मला फार वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला. परक्याच्या घरात डोकावणारी मी कोण?

केंद्र परीक्षा एप्रिलात झाली. वीसही मुलं पेपर देऊन हसत बाहेर आली. बारा दिवसांनी साहेब सायकलवरून खारवाडीत हजर. त्यांनी पिशवीतून अंकगणिताच्या उत्तरपत्रिका काढल्या आणि टेबलावर मांडल्या.

“चौथा प्रश्न वाचा, बाई.”

मी वाचला. ‘रस्त्याच्या कामावर सकाळी ८४ टोपल्या व दुपारी १२६ टोपल्या माती टाकली. एकूण किती टोपल्या माती टाकली?’

“उत्तर?”

“दोनशे दहा.”

“तुमच्या एकोणीस मुलांनी दोनशे लिहिलंय. एकोणीस जणांनी! विसाव्याने मचव्याचं चित्र काढलंय.” तो आमचा लवू. “बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखं येऊ शकतं. चूक सारखी यायला कोणीतरी सांगावं लागतं.”

मी उत्तरपत्रिका उलटत गेले. दोनशे, दोनशे, दोनशे. बाकीची गणितं बहुतेक बरोबर. कॉपीचा ठपका म्हणजे निकाल रद्द, चौकशी, माझी बदली, आणि पाचवीचं नाव पुढली दहा वर्षं कोणी काढायचं नाही. मी शपथ घेऊन सांगितलं की मी परीक्षेच्या खोलीजवळही नव्हते. साहेब वाईट माणूस नव्हते, पण नियमाला पक्के. म्हणाले, “मुलांना बोलवा.”

मुलं आगरावरून धावत आली. साहेबांनी त्यांना ओटीवर आणि अंगणात दूर दूर, पाठमोरं बसवलं आणि नवं गणित सांगितलं, “सकाळी पन्नास टोपल्या, दुपारी सदतीस टोपल्या. एकूण किती?”

सगळ्यांनी पाटीवर लिहिलं. साहेब एकेकापाशी जाऊन वाकून बघू लागले. त्र्याऐंशी. त्र्याऐंशी. त्र्याऐंशी. ते माझ्याकडे बघायचे, मी त्यांच्याकडे. एवढी साधी बेरीज, सत्त्याऐंशी! माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. मी दोन वर्षं काय शिकवलं होतं या पोरांना?

साहेब खुर्चीत बसले. काय मनात आलं कोण जाणे, म्हणाले, “बरं, पन्नास आंबे आणि सदतीस आंबे.”

पाट्या पुसल्या गेल्या. सत्त्याऐंशी. एकजात सगळ्यांची सत्त्याऐंशी.

“अरे, मग टोपल्या त्र्याऐंशी कशा?”

शेवटी मंजुळा नावाची एक चिमुरडी उठली. साहेबांना काहीच कळत नाही, याची तिला दया आली असावी. “टोपल्यांना झीज आसती ना! मीठ वलं आसतं, त्याचं पानी गलतं. म्हून इसावर येक टोपली झिजंची. ती टाकायची, पन मोजायची न्हाय.”

“पण पेपरात माती होती!”

“मातीपन टोपलीतच व्हती,” मंजुळा म्हणाली. “आंबं कशाला झिजतील?”

माझ्या कानात एकदम तो आवाज घुमला. “पुरा!” आणि मग ते थांबणं. म्हातारा दम घेत नव्हता. त्या थांबण्यात एक अख्खी टोपली राशीवर पडत होती, एकविसावी, आणि ती मोजली जात नव्हती. मी धावत कपाटाकडे गेले, वाळके कागद काढले. पहिलाच कागद, पहिलंच गणित. सहा जणी, प्रत्येकीच्या तीस टोपल्या. चौकटीत उत्तर १७२. त्याखाली धर्माजींची कोळशाची सरळ रेघ. दोन हंगाम तो कागद माझ्या कपाटात पडून होता.

साहेबांनी कागदावर आकडेमोड करून पाहिली. सत्त्याऐंशीत एकवीस चार वेळा, चार झिजेच्या, उरल्या त्र्याऐंशी. “हे पोरं मनातल्या मनात करतात?” ते पुटपुटले. मग म्हणाले, “हे शिकवणाऱ्याला बोलवा.”

धर्माजी आले ते दाराबाहेर उभे राहिले. शाळेच्या उंबऱ्याच्या आत त्यांनी कधीच पाऊल टाकलं नव्हतं. मागे शालन होती. साहेबांनी सगळं समजावून सांगितलं. धर्माजींनी मान खाली घालून ऐकलं आणि विचारलं, “म्हनजे शालंत झिजंची टोपली धरत न्हाय?”

“नाही. जेवढ्या टाकल्या तेवढ्या मोजायच्या.”

“आनि झीज जाती कुटं मंग?”

साहेबांनी हातातल्या आकडेमोडीवरून पुन्हा बोट फिरवलं. धर्माजींनी डोक्याचा पंचा काढला.

“मंग चूक माजी हाय, सायेब. पोरांनी बरोबर लिवलं व्हतं पयल्यांदा, मीच कागद परत दिलं. मी रेघ मारली म्हून ती तशी शिकली. काय दंड आसंल तो मना घाला. पोरांना न्हाय, आनि या बायला न्हाय.”

त्रेचाळीस वर्षांत या माणसाच्या तोंडून आपलं माप चुकलं असं कोणी ऐकलेलं नव्हतं. अंगणात जमलेल्या बायका खाली बघायला लागल्या. आणि मी? मी शिकलेली, मी पगारी मास्तरीण, कागद तपासायचं काम माझं. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी सगळं स्वतःवर घेतलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणाले, “साहेब, मी तपासायला हवं होतं. मी आळस केला.”

“ते मला दिसतंय,” साहेब म्हणाले. पण कॉपीचा ठपका त्यांनी तिथल्या तिथे खोडला. त्या गणिताचे गुण मात्र कापलेच, आणि ते योग्यच केलं.

दुसऱ्या दिवशी धर्माजींनी मला आगरावर बोलावून घेतलं. पोरांना खोपटात बसवलं, शालनला एकेक जुना कागद वाचायला लावला, आणि जिथे जिथे त्यांची चुकीची रेघ होती तिथे ती स्वतःच्या हाताने खोडली. तीन दुपारी हे चाललं. प्रत्येक कागदाला पोरांना सांगत, “शालंचं माप येगलं, राशीचं येगलं. दोनी ध्यानात ठेवायचं. येक सोडून दुसरं केलं तर मार खाल.” मग त्यांनी माझ्याकडून नवे कागद करवून घेतले, प्रत्येक गणिताला दोन चौकटी, एक शाळेची, एक राशीची. पुढे तेच कागद शेजारच्या राई आणि मोर्वा गावांतल्या शिक्षकांनी मागून नेले. माझं नाव झालं. भागाकार, बाकी, पट, हे सगळं माझ्या पोरांना त्या दोन चौकटींनी जेवढं समजलं तेवढं कुठल्याही पुस्तकाने समजलं नसतं. जन्मभर मी गणित शिकवलं, आणि शिकवण्याआधी समोरच्याचं माप काय आहे ते विचारावं, हे मला शिकवलं ते धर्माजींनी. हे ऋण मोठं आहे आणि ते मी आनंदाने वागवते.

निकाल लागला. एकोणीस पास. लवू नापास, मचव्याला गुण नसतात. आणि पाचवीच्या पटाला हवी होती वीस नावं.

मे महिनाभर मी दारोदार फिरले. गेल्या वर्षी चौथी झालेला एक मुलगा मामाकडे उत्तनला गेला होता. एक मुलगी होती, तिचं लग्न ठरलं होतं. एका घरी मला पाणी दिलं आणि उत्तर दिलं नाही. धर्माजींच्या घरावरून रोज जायची, पण आत गेले नाही. एकदा सुनावलेलं मला पुरे होतं. शिवाय ज्या माणसाने माझ्यासाठी चारचौघांत मान खाली घातली, त्याच्याकडे आणखी कोणत्या तोंडाने मागू? शालन दारात तांदूळ निवडत बसलेली दिसायची. ती वर बघायची, मी चालत राहायची.

जूनमध्ये शाळा उघडली. त्याच दिवशी अकराला साहेब पट बघायला येणार होते. मी नवं पटाचं पुस्तक उघडून एकोणीस नावं लिहिली, खाली एक ओळ मोकळी सोडली आणि नुसती बसून राहिले. मुलं पाचवीची म्हणून भिंतीकडेला बसली होती, त्यात सात मुली. त्यांना कसं सांगावं याची मी मनात जुळवाजुळव करत होते.

दहाच्या सुमाराला दारात सावली पडली. धर्माजी उंबरा ओलांडून आत आले. शालनचा हात त्यांनी मनगटाला धरला होता. तिने केसांना तेल लावलं होतं, वेणी घातली होती, पाय मात्र आगराचे, पांढरे भेगाळलेले. आता ती तेरा वर्षांची, दहा वर्षांच्या पोरांपुढे उंच दिसत होती आणि लाजून आणखीच मान खाली घालत होती.

“लिव,” धर्माजी म्हणाले. “इसावी.”

मी लिहिलं. दोनदा दौत सांडता सांडता वाचली. मग न राहवून विचारलं, “बाबा, पण घरचं? हंगामात तिच्या टोपल्या कोण टाकणार?”

“त्यो माजा इच्यार हाय,” असं म्हणून ते निघून गेले. अकराला साहेब आले, त्यांनी वीस नावं आणि वीस डोकी ताडून पाहिली आणि पाचवीच्या कागदावर सही केली.

पौष सरला, हंगाम सुरू झाला. एका शनिवारी मी डबा आणायला बांधावर गेले. राशीकडे टोपल्या वाहणाऱ्या बायकांची रांग लागली होती आणि त्या रांगेत, बायकांच्या मधोमध, डोक्यावर टोपली घेऊन धर्माजी मापारी चालत होते. आगरावर मापाऱ्याने टोपली उचललेली कोणी कधी पाहिली नव्हती. माप त्यांनी सोडलेलं नव्हतं. ओझ्याखाली मान ताठ धरून, धापा टाकत, तोंडाने मोजत होते. टोपलीतून गळणारं मीठवणी त्यांच्या कानशिलांवरून ओघळत होतं.

माझ्यापाशी आले तेव्हा आकडा तोडून त्यांनी विचारलं, “शालन आली व्हती क आज शालंत?”

“आली होती, बाबा. रोज येते.”

“मंग झालं,” ते म्हणाले आणि पुढचा आकडा म्हणत राशीकडे गेले.